कागद खरा, तलवार खरी, सौदा खोटा

रागात असताना लिहू नये, असं माझा नवरा विल्सन म्हणतो. पण राग उतरायची वाट बघत बसले तर हा ब्लॉग कधीच लिहून व्हायचा नाही. म्हणून लिहितेच.

मिल्टनमध्ये एका चर्चच्या बेसमेंटमध्ये मी बरीच वर्षं जपानी तलवारबाजी शिकते. वसईच्या बाईला हे खूळ कुठून लागलं ते विचारू नका, विचारणारे थकले. सरावाची तलवार बोथट आणि कारखान्यातली असते. मला एक जुनी हवी होती, कुणीतरी भट्टीसमोर घाम गाळून घडवलेली. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला ब्रिटिश कोलंबियात, ओकानागन खोऱ्यातल्या एका गावचा ग्रेग नावाचा माणूस वेबसाइटवर तशी एक विकत होता. फोटो देखणे, शिवाय जपानमधल्या जाणकारांचं प्रमाणपत्र. "मॉम, जस्ट ऑर्डर इट!" मुलगी म्हणाली. पण आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी, सेन्सेईंनी, बजावलं होतं की मूठ काढून आतलं लोखंड बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. म्हणून ऑक्टोबरात विल्सन आणि मी विमानात बसलो.

व्हँकुव्हरला उतरून पहिली रात्र कोक्विटलामला विल्सनच्या चुलतभावाकडे, गॉडफ्रेकडे काढली. त्याने सुक्या बोंबलाची चटणी वाढली आणि वर टोमणा मारला, "तलवारीसाठी एवढं तिकीट? एवढ्यात वसईला जाऊन आली असतीस." जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ऑक्टोबरपासून त्या घाटरस्त्यांवर विंटर टायर्स लागतात, तेव्हा भाड्याची गाडी घेताना टायर स्वतः वाकून बघा, काउंटरवरच्या "येस येस"वर जाऊ नका. आणि होप गावात पेट्रोल भरा, वॉशरूमला जाऊन या. पुढे मॅनिंग पार्कच्या डोंगरात मैलोन्‌मैल फोनला सिग्नल नाही.

तो रस्ता मात्र फार सुंदर आहे. काळपट देवदारांमध्ये मध्येच पिवळेधमक झालेले लार्च वृक्ष, वळणावर एकदम दिसणारी नदी. डोंगर उतरलो की हवाच बदलते, कोरडी, उन्हाची. केरेमिओसला रस्त्याकडेला फळांच्या टपऱ्या होत्या. एका पंजाबी बाईंनी पेअर कापून हातावर ठेवलं. "खाके देखो, फिर लेना," त्या म्हणाल्या. आम्ही पिशवीभर घेतली. रात्री एका साध्या मोटेलमध्ये राहिलो. सीझन संपल्यामुळे खोली उन्हाळ्याच्या जवळपास अर्ध्या भावात मिळाली.

सकाळी ग्रेगच्या घरी गेलो. साठीचा, हसतमुख माणूस. कॉफी तयार, घरचा ॲपल पाय तयार. त्याने तलवार म्यानातून काढली आणि उघड्या बोटांनी पातं पुसून दाखवलं, जसं कुणी गाडीचं बॉनेट पुसतं! हाताच्या घामाने पोलादाला गंज धरतो, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. तिथेच माझं डोकं तापायला लागलं.

पण पातं हातात आलं आणि मी सगळं विसरले. खिडकीकडे धरून हळूहळू कलतं केलं. लाकडाच्या फळीवर दिसतात तशा रेषा पोलादात होत्या, घडी घालून ठोकलेल्या लोखंडाच्या. धारेलगत पाणी दिलेल्या भागाची पांढरट नागमोडी रेघ धुक्यासारखी, आत शिरलेली. ॲसिडने उमटवलेली नकली रेघ वरवर बसल्यासारखी दिसते, ही तशी नव्हती. धारेवर नखाएवढीही चीर नाही. विल्सनच्या कानात मी कुजबुजले, "खरी आहे रे."

"आता मूठ काढू या," मी म्हणाले.

"त्याची काय गरज?" ग्रेग हसला. "सर्टिफिकेटवर आतला फोटो आहे ना."

"म्हणूनच काढायचीय."

तो नाखुशीनेच उठला. पातं मुठीत अडकवणारी बांबूची खुंटी निघायला हवी होती, निघाली चायनीज टेकआउटच्या चॉपस्टिकची कापलेली कांडी. मूठ सरकली आणि मी पर्समधून टॉर्च काढला.

मुठीत लपणारा पात्याचा जो भाग असतो, त्यावरचा जुना काळा गंज ही तलवारीची जन्मखूण. तो कुणी पुसत नाही, त्याच्यावरूनच वय कळतं. इथे तो मशीनने घासून काढला होता आणि वर कसलंतरी तपकिरी रसायन फासलं होतं. त्यावर एका नामांकित लोहाराचं नाव कोरलेलं. टॉर्च तिरपा धरला. जुन्या सहीत अक्षरांच्या खोबणीतही गंज असतो, इथे तळाशी नवं लोखंड चमकत होतं. प्रमाणपत्रावरच्या फोटोत खुंटीची दोन भोकं होती, इथे एकच. लांबीही जुळेना. कागद खरा होता, पण भलत्याच तलवारीचा.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

ग्रेगने खांदे उडवले. "बिननावाची होती. बिननावाची कुणी विचारत नाही. माझ्याकडे कागद होता, मित्राकडे ग्राइंडर. वुई जस्ट हेल्प्ड इट अ लिटल."

हेल्प्ड! शेकडो वर्षं जिने तग धरला, तिला या माणसाने एका दुपारी गॅरेजमध्ये खरवडलं होतं. मी मराठीत काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. विल्सनने माझा दंड धरला. "सबिना, चल."

बाहेर अंगणात एक म्हातारे गृहस्थ गाडीतून उतरत होते. केन नाव, मूळ जपानी घराण्यातले, कॅमलूप्सहून आले होते, तीच तलवार बघायला. दुसऱ्या महायुद्धात, जपानी म्हणून, सरकारने त्यांच्या आजोबांची मासेमारीची बोट नेली, तलवारही नेली, आणि सगळ्या कुटुंबाला किनाऱ्यावरून हाकललं. ती तर परत मिळणार नव्हती. निदान एक घरात असावी, म्हणून आले होते. "पेपर्स आहेत म्हणे," ते आनंदाने म्हणाले.

मी सगळं सांगितलं. ग्रेग दारातून ओरडला, "माझ्या जागेवरून चालते व्हा, नाहीतर पोलिसांना बोलावतो!"

"बोलव," मी म्हणाले. "मला त्यांनाही दाखवायचंय."

त्याने फोन खिशातून काढलाच नाही.

केन आत गेले, त्यांच्यामागोमाग आम्हीही. टॉर्च मागितला. वाकून खूप वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "नाव सोडून दे. तलवार कशी आहे?"

खोटं बोलायचा मोह झाला. मलाही ती हवी होती. "चांगली आहे," मी म्हणाले. "फार चांगली."

त्यांनी ती घेतली. बिननावाच्या किमतीला, आणि कागद मिळाला तरच, या अटीवर. "हा कागद ज्या तलवारीचा आहे ती कुठेतरी असेल. पण तू तो तिसरीला चिकटवायचा नाहीस," ते ग्रेगला म्हणाले. ग्रेगने पैसे घेतले आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडावर दार लावलं.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. विल्सनने विचारलं, "तलवार नाही मिळाली म्हणून चिडलीस, की तो सुटला म्हणून?"

"दोन्ही. आणि भूक लागलीय म्हणून पण."

घरी येऊन आता काही आठवडे झाले. मधे केनचा फोन आला. एका जाणकार पॉलिशवाल्याने ते नाव काढून टाकलं. घासला गेलेला गंज मात्र परत येत नाही. म्हणजे तिचं वय आता कुणीच नीट सांगू शकणार नाही, कधीच. पण ती त्यांच्या बैठकीत आहे, नातवंडांना हात लावायची परवानगी नाही, आणि पोरं खिडकीशी रांगेत बसून बघतात, असं ते हसत म्हणाले. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग परवा ग्रेगची नवी जाहिरात दिसली. दुसरी तलवार, दुसरं मोठं नाव, 'पेपर्स इन्क्लुडेड'. एकाही फोटोत मूठ काढलेली नाही. मी त्या वेबसाइटवर तक्रार केली, उत्तर नाही. पुन्हा केली. विल्सन म्हणतो, सोड आता. मी आज सकाळी तिसऱ्यांदा केली.