रांगेतला अध्यक्ष

सुपडू पाटील अडीच वर्षं जिल्हा परिषदेचे अध्यक्ष होते, हे तापीकाठच्या प्रकाशा गावाकडून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. दोन बड्या गटांची अशी काही जुंपली होती की दोघांनाही न नडणारा माणूस हवा होता, आणि सुपडू पाटील जन्मात कुणाला नडले नव्हते. गाडी मिळाली, तर तिचा ड्रायव्हर उदेसिंग दिवसभर तिच्यात बसून शेंगा खायचा आणि अध्यक्ष पपईच्या टेम्पोत पुढे बसून नंदुरबारला जायचे. गाडीत बसलं की पाठ दुखते, म्हणायचे. पाठ कसली दुखते! लाज वाटायची त्यांना.

त्या अडीच वर्षांत स्वतःच्या डोक्याने त्यांनी एकच हुकूम काढला. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहून घेतलं: 'तपासणी नंबराप्रमाणेच होईल. शिफारस आणू नये.' डोंगरातून पहाटे निघालेली बाई ताप घेऊन दारात बसायची आणि सरपंचाचा मेहुणा खोकला दाखवायला सरळ आत शिरायचा, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच आठवड्यात अध्यक्ष स्वतः तापाने फणफणले आणि गावच्या केंद्रात अठराव्या नंबराला उभे राहिले. कुणीतरी फोटो काढला, तो पेपरात आला. एरवी फोटो काढायची वेळ आली की ते मागे कुणाच्या तरी फेट्याआड सरकायचे. हा एवढाच पुरता आला होता. प्रमिलाबाईंनी तो चौकटीत बसवून ओसरीत टांगला. रोज पदराने पुसायच्या. नवऱ्यापेक्षा फोटोच जास्त आवडतो यांना, असं सून रंजिता चेष्टेने म्हणायची.

पद गेलं, माणूस तसाच राहिला. मग एका चैत्रात प्रमिलाबाईंच्या छातीत दुखायला लागलं. अंग घामाने निथळलं. मुलगा भूपेश तेव्हा सुरतेला नोकरीत होता. पाटील आणि रंजिता त्यांना शेजाऱ्याच्या रिक्षातून केंद्रावर घेऊन गेले. केसपेपरवर नंबर पडला एकतीस. आत अकरावा चालला होता.

"आबा, डॉक्टरले सांगा ना! तुम्ही अध्यक्ष व्हतात," रंजिता कळवळून म्हणाली.

पाटलांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा रांगेकडे. "मन्हीच पाटी शे ती, बेटा. लोके काय म्हनतीन?"

"ऱ्हाऊ दे. येई नंबर," प्रमिलाबाईच म्हणाल्या. त्यांनाही त्या पाटीचा अभिमान होता.

रांगेतल्या एकानेही नाही म्हटलं नसतं. पण कुणी विचारलंच नाही, तर माणसं हो तरी कशाला म्हणणार? चोविसाव्या नंबराला प्रमिलाबाई बाकावरून कलंडल्या. डॉक्टर धावत आले, तेव्हा धावण्यात काही अर्थ उरला नव्हता.

संध्याकाळी भूपेश आला. रंजिताने त्याला सगळं सांगितलं. तो रडला नाही. ओसरीतला फोटो खिळ्यावरून काढला आणि नेऊन धान्याच्या कोठीमागे ठेवला. त्या दिवसापासून त्याने बापाला 'आबा' म्हणणं सोडलं. "अध्यक्ष, जेवण झालं का? अध्यक्ष, खत आणायचं आहे." सुरत सोडून तो शेती बघू लागला. बापाच्या अन्नात, औषधात त्याने कधी काही कमी केलं नाही. तेवढा एक शब्द मात्र दिला नाही. पाटलांना आता जगात दुसरं काही नको होतं. मरायच्या आधी लेकाने एकदा आबा म्हणावं, बस.

एक आधार मात्र दोघांनाही होता. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, झटका मोठा होता, आधी पाहिलं असतं तरी वाचल्या असत्या असं सांगता येत नाही. या वाक्यावर बापलेकांनी एका छपराखाली आठ वर्षं काढली.

आठव्या वर्षी, पौषात, पाटलांच्याच छातीत कळ आली. भूपेशने त्यांना केंद्रावर आणलं. एवढ्या दुखण्यातही म्हातारा सवयीने केसपेपरच्या खिडकीकडे वळला! भूपेशने त्यांना बाकावर बसवलं, रांग मोडून दारापाशी गेला आणि ओरडला, "ह्या माजी अध्यक्ष शेतस! दार उघाडा!"

दार उघडलं. लगेच उघडलं. जिभेखाली गोळी, दंडात सुई, मग ॲम्ब्युलन्स. चौथ्या दिवशी नंदुरबारचे डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "वेळेवर आणलंत. अर्धा तास गेला असता तर हाती लागले नसते."

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर जेवताना पाटील म्हणाले, "मी वाचनू, भूपेश."

"हां."

"मंग ती बी वाचती."

भूपेश हातातला घास ताटात टाकून शेताकडे निघून गेला. हे बोलायची काही गरज होती का? पण खरं दडवून ठेवणं या माणसाला कधी जमलंच नव्हतं.

पाटील केंद्रावर गेले आणि ती पाटी पुसा म्हणाले. कारकून म्हणाला, "नियम वरून आलेला आहे, बाबा."

"ते वर म्हंजे मीच व्हतू."

कारकून हसला. पाटील जाऊन बाकावर बसले, आणि मग रोज बसू लागले. जो माणूस काळवंडलेला दिसेल, जी बाई गप्प गप्प वाटेल, अशांना हाताला धरून दारापाशी न्यायचे आणि आरडाओरडा करायचे. लोक चिडले. म्हातारपणी खुर्चीची मस्ती चढली, म्हणाले. कुणीतरी मोबाइलवर त्यांचं ओरडणं टिपून गावभर पाठवलं. जन्मभर जपलेलं साधेपणाचं नाव दोन महिन्यांत धुऊन गेलं. शेवटी केंद्राने भूपेशला निरोप धाडला, वडिलांना घेऊन जा.

तो आला, तेव्हा पाटील दार बडवत होते. शेजारी डोंगरातल्या काठी गावाकडून ऊसतोडीला आलेली म्हातारी रूपलीबाई भिंतीला टेकून धापा टाकत होती. "मी माजी अध्यक्ष शे! आंधी हिले देखा!" मागे रांग शिव्या घालत होती. दार उघडलं, रूपलीबाईला आत घेतलं. पाटील घाम पुसत वळले आणि त्यांना लेक दिसला. चेहरा क्षणभर खुलला त्यांचा. बघ, आता जमतं मला, असं काहीसं त्यांना म्हणायचं असावं.

भूपेश जवळ आला. लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलला.

"आबा," तो म्हणाला, "हाऊ आवाज त्या दिन कोठे व्हता?"

आठ वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली, तो असा आला. पाटील बाकावर बसले. भूपेशही शेजारी बसला. रूपलीबाई बाहेर येईपर्यंत दोघे तसेच बसून होते.

त्यानंतर ते केंद्रावर गेले नाहीत. अकराव्या दिवशी दुपारी निजले, ते उठले नाहीत. प्रकाशाला तापीत राख सोडून माणसं परतली, तेव्हा रंजिताने कोठीमागची चौकट काढून पुसली आणि हार घालायला पुढे आणली.

"तो नको. दुसरा लाव," भूपेश म्हणाला.

रंजिताने सगळ्या पेट्या धुंडाळल्या. दुसरा नव्हताच. अखेर भूपेशने तोच फोटो आईच्या जुन्या खिळ्यावर अडकवला. त्यात सुपडू पाटील हातात केसपेपर घेऊन, मान खाली घालून आपल्या नंबराची वाट पाहत उभे आहेत.