अध्यक्ष पळाले म्हणे

चंद्रपूरच्या कडेला आमची कॉलनी आहे. कॉलनी हे नाव आम्हीच दिलं. सरकारच्या लेखी ती सरकारी जागेवरची वस्ती. मी तिचा अध्यक्ष झालो तो बैठकीला गैरहजर राहिलो म्हणून.

त्या वर्षी निवडणूक जवळ आली आणि बाहेरगावच्या एका पुढाऱ्याची माणसं जीप घेऊन चकरा मारू लागली. घरावर आमचा झेंडा लावा, नाहीतर निकालानंतर बुलडोझर येईल, म्हणायची. मी वकिलाला विचारून आलो. नोटीस दिल्याशिवाय कुणी वीटही हलवू शकत नाही, असं तो म्हणाला. हे मी घरोघरी सांगितलं. लोक ऐकून घ्यायचे, पण बघायचे माझ्या तोंडाकडे. एकदा दाढ दुखली म्हणून दिवसभर तोंड पाडून बसलो, तर शेजाऱ्यानं घाबरून म्हैस सासुरवाडीला पाठवून दिली!

अशात महाशिवरात्र आली. दरवर्षीसारखे मी आणि बायको वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या जत्रेला निघालो. दोन गाठोडी आणि एक पेटी घेऊन बसस्टँडवर उभे होतो, तेवढ्यात तोच शेजारी स्कूटरवरून आला.

"भाऊ, तुमी पळून राह्यले म्हणते लोकं! दोघायनं तर छपराची टिनं उतरवली."

"अरे, जत्रेले चाललो ना!"

"मले सांगून काय होते? त्यायले सांगा."

बायकोनं पेटी उचलली. "चला वापस. देव कुठी जात नाई."

कॉलनीच्या चौकात सगळे जमले होते. बायकोनं सगळ्यांसमोर गाठोडी सोडली. चादरी निघाल्या, पुऱ्या निघाल्या, लोणचं निघालं, माझी भोक पडलेली कानटोपीही निघाली. मला लाज वाटली. शिवाय बुलडोझरची भीती मलाही वाटतच होती.

बांगड्या विकणारी आमची म्हातारी चाची पुढं आली. तिनं पेटीत डोकावून पाहिलं.

"टीव्ही कुठी हाय?"

"घरीच हाय, चाची."

"मग हा नाई पळत. टीव्ही सोडून कोण पळते?"

लोक हसले. नेमकी तेव्हाच जीप आली. चौकातला पसारा बघून त्यातला माणूस खूश झाला.

"निघाले वाटते सगळे? बरं केलं."

"जत्रेले चाललो," चाची म्हणाली. "तुमी येता काय?"

त्यानं झेंडा पुढं केला. चाचीनं तो हातातही घेतला नाही. "छपरावर माहे पापड वाळून राह्यले, बाबू. जागा नाई."

आता हसू आवरेना. त्या माणसानं झेंडा गुंडाळला. जीप वळवून तो निघून गेला. इतके दिवस मी वकिलाचं म्हणणं सांगत फिरलो त्यानं जे झालं नव्हतं, ते त्या हसण्यानं झालं. माझीही भीती गेली.

संध्याकाळपर्यंत टिनं परत चढली. दुसऱ्या दिवशी आम्ही जत्रेला गेलो. चाचीही बांगड्यांची टोपली घेऊन सोबत आली. वैनगंगेच्या वाळूत बसून तिनं दुपारपर्यंत सगळा माल विकला आणि आम्हा दोघांना जिलेबी खाऊ घातली.

पुढारी निवडून आला. बुलडोझर मात्र आला नाही. जागेचे पट्टे अजून मिळायचेच आहेत, कचेरीत खेटे चालू आहेत. पण यंदा उन्हाळ्यात कॉलनीतल्या तिघांनी कुडाच्या जागी विटांच्या भिंती बांधून घेतल्या.