पोकळीला अस्तर होतं का?

“मॅडम, एका शब्दात सांगा. प्रेझेंट की ॲबसेंट?” सर्जन फोनवर घाईत होते.

“प्रेझेंट वाटतंय.”

“वाटतंय म्हणजे? रेडिएशन द्यायचं की नाही, ते तुमच्या या ओळीवर आहे.”

“पुन्हा बघून सांगते, सर.”

मी सोलापुरात एका हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाच्या पातळ चकत्या काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहणं हे माझं काम. ही केस गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची होती. पेशंट कुंभारी गावची, सुरेखा. गाठ फार लहान नाही, फार मोठीही नाही. खोलीही मधलीच. म्हणून गाठीच्या पेशी वाहिन्यांत शिरल्या आहेत (प्रेझेंट) की नाहीत (ॲबसेंट), यावर सगळं अडलं होतं.

वाढत्या गाठीला रक्त कमी पडतं. मग ती ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं सोडते. त्यातल्या एकामुळे तिच्याकडे नव्या रक्तवाहिन्या वाढत येतात. त्याच्याच एका भावंडामुळे लसिकावाहिन्या, म्हणजे शरीरातला पाणीदार द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, वाढतात. पहिल्यांनी गाठीचं पोट भरतं. दुसऱ्यांतून तिला बाहेर पडायची वाट मिळते.

स्लाइडमध्ये एक पोकळी होती. पोकळीत पेशींचा पुंजका. नळीत शिरल्यासारखाच.

त्याच सकाळी सुरेखा आणि तिची थोरली बहीण लॅबच्या काउंटरवर आल्या होत्या.

“अक्का, तू घरी जा की. रोज कशाला येतीस?”

“मी गेल्यावर डबा खातीस व्हय? कालची भाकरी तशीच हाय.”

“लई कडक केलीस. दात पडंल माजा.”

“पडू दे. तेवढंच तोंड कमी चालंल.”

दोघी हसल्या. रिपोर्ट झालेला नाही, असं तुटक सांगून मी आत आले होते. माझी थोरली बहीण गेल्या वर्षी याच आजाराने गेली. तीही डब्यावरून अशीच भांडायची. मला त्या दोघींचा हेवा वाटला. त्यांचंच का राहावं सगळं, असं मनात आलं. तसंच मन घेऊन मी मायक्रोस्कोपला डोळा लावला होता.

फोन ठेवून स्लाइड पुन्हा पाहिली. वाहिनी असेल तर कडेला चपट्या पेशींचं अस्तर हवं. ते मी शोधलंच नव्हतं. काढलेला भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि पुढच्या रसायनांत आकसतो. तेव्हा पुंजक्याभोवती अशीच मोकळी जागा राहते. शिकाऊ डॉक्टरांना हे मीच अगदी सुरुवातीला शिकवते.

सर्जनना फोन केला. “सर, दोन स्पेशल स्टेन करते. थोडं थांबा.”

“दिसतंय तर लिहून टाका ना. जास्त ट्रीटमेंटनं काय बिघडतं?”

“आतडी भाजतात, सर. मी घरात बघितलंय.”

ते म्हणाले, “करा.”

एका स्टेनने, म्हणजे रंगाने, रक्तवाहिन्यांचं अस्तर तपकिरी होतं, दुसऱ्याने लसिकावाहिन्यांचं. स्लाइडी तयार होऊन आल्या. गाठीभोवती वाहिन्यांची गोल तपकिरी कडी पुष्कळ होती, म्हणजे स्टेन नीट लागला होता. वाटा तयार झाल्या होत्या. पण सगळी कडी आतून रिकामी. ज्या पोकळीत पुंजका होता, तिला मात्र कुठलंच अस्तर नव्हतं.

बहिणीच्या स्लाइडी मी नंतर मागवून पाहिल्या होत्या. तीच तपकिरी कडी. तिची गाठीच्या पेशींनी भरलेली होती.

मी ‘ॲबसेंट’ लिहून सही केली. रेडिएशन टळलं. फक्त ठरल्या वेळी तपासणीला यायचं.

“मॅडम, आता तरी सांगा हिला, भाकरी खा म्हणून,” अक्का काउंटरवर म्हणाली.

“खा गं,” मी म्हणाले आणि आत आले. हेवा होता तेवढाच होता.

तेव्हापासून एक नियम पाळते. आधी स्लाइड, मग काउंटर.