पहिली पायली

निजामाच्या राज्यात भूमच्या बाजारात एक मापाडी होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. ज्वारीची पहिली पायली ओतताना तो 'एक' म्हणत नसे, डोळे मिटून 'लाभ' म्हणे. मग दोन, तीन. अंगानं तो तव्याच्या बुडासारखा काळा. घरात आरसा नसावा.

त्या साली बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, निवडणुकीला एक वकील उभे राहिले. त्यांचे आजोबा निजामाच्या फौजेतले हबशी. वकिलांचा जन्म मात्र इथलाच आणि मराठी आमच्यापेक्षा बरी. आडत्यांनी या मापाड्याला हाकललं होतं, तेव्हा फुकट भांडून त्याची जागा परत मिळवून दिली ती त्यांनीच.

"मग वकीलसाहेबच निवडून यायला पाहिजेत, न्हाय का?" मी विचारलं.

त्यानं पायली भरून वरून हात फिरवला. "माणूस लई गुणाचा. पण त्ये तोंड, त्ये केस. सकाळच्या पारी असलं ध्यान म्होरं आलं तर लाभ म्हणाया जीभ उचलंल का, तुमीच सांगा."

भोवतीचे आडते हसले. मत द्यायचा हक्क त्यांनाच होता. निवडून आला एक गोरापान जमीनदार, आणि आल्या आल्या त्यानं बाजारात आपला मापाडी बसवला.

पुढं आमचा जुना मापाडी मला वेशीपाशी रिकामी पायली घेऊन बसलेला दिसला. तेवढ्यात जमीनदाराचा टांगा गेला. हा लगबगीनं उठला, वाकून सलाम केला आणि मला म्हणाला, "कायबी म्हणा, दिसतो मातुर राजावानी."