बाल्कनीची बोली

जहाजाच्या कंपनीचा ईमेल आला तेव्हा मी शाळेत चौथीच्या वह्या तपासत होते. ‘आपली खोली आणखी चांगली करून हवी आहे? बोली लावा!’ असा इंग्रजी मथळा आणि खाली एका बाल्कनीचा फोटो. बाल्कनीत दोन खुर्च्या, मध्ये एक छोटं टेबल, पलीकडे नुसतं निळं पाणी. मला वाटलं, झालं, आता हे ओटीपी मागणार. मी फोन पालथा घातला आणि चुकलेल्या ऊकारांना लाल पेनानं गोल करत बसले.

मधल्या सुट्टीत पुण्याला लेकीला फोन लावला.

“आई, फसवणूक नाही ती,” ती हसत म्हणाली. “जहाजावर ज्या चांगल्या खोल्या विकल्या जात नाहीत, त्यांच्यासाठी ते आधीच तिकीट काढलेल्या लोकांना विचारतात. वरचे किती द्याल? तू आकडा टाकायचा. निघायच्या आधी एक-दोन दिवसांत ते कळवतात. लागली बोली तर खोली तुझी, नाही लागली तर एक रुपयाही कापत नाहीत.”

“आणि लागल्यावर नको म्हटलं तर?”

“मग नाही म्हणता येत. विचार करून टाक.”

खरं तर या सहलीचा विचार आम्ही केलाच नव्हता. माझे जेठ, म्हणजे मोठे दीर, पस्तीस वर्षं कापडगिरणीत लूमच्या, म्हणजे मागांच्या, खात्यात काम करून त्या वर्षी घरी बसले. माझी लेक आणि त्यांचे मुलगा-सून, तिघांनी मिळून आम्हा चौघांना दिवाळीच्या सुट्टीत जहाजावर पाठवायचं ठरवलं. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत. दोन खोल्या घेतल्या, समोरासमोर, जहाजाच्या पोटात, बिनखिडकीच्या. त्यात कोणाला काही वाईट वाटायचं कारणच नव्हतं. आम्ही दोन्ही जोडपी सुरतेला आलो तेव्हा उधना भागातल्या एका खोलीत मध्ये चादर टांगून राहिलेलो. आता भेस्तानला भिंतीला भिंत लागून दोन घरं आहेत, इतकंच.

दोन्ही घरं अगदी सारखी आहेत. हे काम माझ्या मोठ्या जाऊबाईंचं. घरात शांतता राहायची तर दोन्हीकडे सगळं सारखं पाहिजे, हा त्यांचा कायदा. फ्रिज घेतले ते एकाच दिवशी, एकाच रंगाचे. लग्नाकार्याला साड्या एकाच गठ्ठ्यातल्या. रविवारी नाक्यावरून खमण आलं की त्या ते दोन ताटांत अशा वाटतात, की शेवटच्या तुकड्याचेही दोन करतात. शिकलेल्या नाहीत, पण वाटणीत त्यांची चूक मी कधी पाहिली नाही. त्या घरी बोलतात ती सगळी अहिराणी. मी जळगावची, त्यातून मास्तरीण, त्यामुळे माझी उत्तरं पुस्तकातल्या मराठीत. तीस वर्षं आमचं असंच चाललंय आणि अडलं कुठेच नाही.

रविवारी खमण खाताना मी ईमेलची गोष्ट काढली. आमच्या ह्यांचे कान लगेच टवकारले. हे सुरतेजवळच्या सचिन गावात एका मिलमध्ये रंगखात्यात आहेत. तिथे डाग पडलेल्या, रंग चुकलेल्या कापडाचे गठ्ठे बोली लावून विकतात, त्यामुळे बोलीतलं आपल्याला सगळं कळतं असा ह्यांचा समज.

“लोक गोल आकडा टाकतात,” हे म्हणाले. “आपण त्याच्यावर एकावन्न टाकायचे. तेवढ्यावर माल सुटतो.”

“समोर कोण आहे ते तरी दिसतं का?” जेठांनी विचारलं.

“नाही ना. तीच तर गंमत आहे.”

“मग ती बोली कसली? तो जुगार झाला.”

जाऊबाईंनी वाटीतली चटणी सगळ्यांना सारखी वाढली आणि म्हणाल्या, “माले खिडकी कसाले पाहिजे? पानी इकडूनबी पानी, तिकडूनबी पानी. एकनी लागनी आनि एकनी नही लागनी तं काय करशात?”

एकाची लागली आणि दुसऱ्याची नाही लागली तर काय करणार, या प्रश्नावर सगळं अडलं. ठरलं, कोणीच बोली लावायची नाही.

मी चार दिवस पाळलं.

पाचव्या दिवशी मुलं मैदानावर होती आणि मी नुसतं बघावं म्हणून ते पान उघडलं. त्यावर एक पट्टी होती आणि पट्टीवर बोटानं सरकवायचा एक गोळा. गोळा डावीकडे असला की वरच्या घड्याळासारख्या तबकडीचा काटा लाल भागात, खाली लिहिलेलं ‘कमजोर’. उजवीकडे न्यावा तसा काटा पिवळ्याकडे, मग हिरव्याकडे. मी गोळा लालमध्येच ठेवला, कार्डाचा नंबर भरला आणि बटण दाबलं. कमजोर बोली काय लागणार आहे, अशी मनाची समजूत घातली.

पण त्या काट्यानं मला झोपू दिलं नाही म्हणा. आयुष्यभर मुलांना ‘साधारण’, ‘बरा’, ‘उत्तम’ असे शेरे मीच देत आले, आणि आता रोज मधल्या सुट्टीत कोणीतरी मलाच ‘कमजोर’ म्हणत होतं. दुसऱ्या दिवशी मी गोळा नखभर सरकवला. तिसऱ्या दिवशी आणखी थोडा. आठवड्याभरात काटा पिवळ्याच्या पलीकडच्या काठावर येऊन थांबला. ह्यांना सांगितलं नाही. माझा पगार, माझं कार्ड. आणि शेवटी आकड्यावर एकावन्न टाकले, ते मात्र ह्यांचं ऐकून.

एका संध्याकाळी जाऊबाई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, “ती बोली एकदाव टाकी दिधी तं मागे लेता येस का वं?”

“कोणती बोली?”

“तीच. जहाजनी.”

“स्वीकारेपर्यंत मागे घेता येते,” मी म्हटलं. “का?”

“अशीच. इचारं.” आणि त्या कोथिंबिरीच्या काड्या मोजल्यासारख्या बाजूला ठेवत राहिल्या. मला खात्री पटली की यांना सगळं कळलंय. त्या रात्री बोली मागे घ्यावी म्हणून मी पान उघडलं, त्या दोन खुर्च्या पाहिल्या आणि बंद केलं.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. मुलं आकाशकंदिलाला शेपट्या चिकटवत होती, सगळ्या वर्गात खळ. फोन थरथरला. ‘अभिनंदन! आपली बोली स्वीकारली आहे.’ पुढे खोलीचा नवा नंबर, सातवा मजला, बाल्कनी. मी उभ्या उभ्या इतकी हसले की एका मुलीनं विचारलं, “टीचर, शुं थयुं?” मी म्हटलं, काही नाही, कंदील छान झालाय.

मग पाठोपाठ धडकी भरली. जाऊबाईंना सांगायचं कोणी?

ह्यांना नाक्यावरच गाठलं. सगळं ऐकून ह्यांनी आधी आकडा विचारला. सांगितल्यावर म्हणाले, “थोडे जास्त टाकलेस.” मग चार पावलं चालून, “पण लागली म्हणजे!” आणि घराच्या कोपऱ्यावर आल्यावर, “वहिनीला सांगू की कंपनीनं फुकट दिली. असं देतात म्हणे कधी कधी.”

“खोटं नाही बोलायचं,” मी म्हटलं. “बोललं तर ते पकडल्याशिवाय राहणार नाहीत त्या.”

आम्ही तसेच त्यांच्या घरात शिरलो. जेठ टीव्हीपुढे होते. जाऊबाई खाली बसून बॅगेत फराळाचे डबे लावत होत्या. मी दारातच एका दमात सगळं सांगून टाकलं. ठरल्यावरही बोली लावली, कोणाला सांगितलं नाही, लागली, आता रद्द होत नाही.

जेठांनी टीव्हीचा आवाज कमी केला. जाऊबाईंनी डब्याचं झाकण लावलं, उठल्या, आत गेल्या. मला वाटलं, आता बोलणं बंद. पण त्या परत आल्या त्या हातात फोन घेऊन.

“वाच,” म्हणाल्या.

त्यांच्या फोनवर त्याच कंपनीचा ईमेल होता. ‘क्षमस्व, या वेळी आपली बोली स्वीकारता आली नाही.’

“मी बी टाकेल व्हती,” जाऊबाई म्हणाल्या. “सुनबाईकडथून.”

जेठ उठून उभे राहिले. “मला न विचारता?”

“तुमले इचारं अस्तं तं तुम्ही जुगार म्हनतात.”

मी ईमेल पुढे वाचला आणि मला हसू आवरेना. जाऊबाईंनी बाल्कनीसाठी बोली लावलीच नव्हती. त्यांनी लावली होती जहाजावरच्या सगळ्यात मोठ्या खोलीसाठी, स्वीटसाठी. आणि आकडा पट्टीवरचा सगळ्यात छोटा. काटा लालच्याही तळाशी.

“बाई, इतकी मोठी खोली? दोघांना?” मी विचारलं.

“दोनले कसाले?” त्या चिडून म्हणाल्या. “फोटोमा दोन पलंग आनि सोफा व्हता. म्हटं, चारी जन एकच खोलीमा ऱ्हासूत.”

माझं हसू तिथेच थांबलं. मी दोन खुर्च्या पाहून बोली लावली होती आणि त्यांनी चौघांची झोपायची सोय पाहून. सारखेपणाचा कायदा मोडला होता फक्त मी. मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, “तू कितली टाकी?” मी आकडा सांगितला. त्यांनी तो मनात घोळवला. “एकावन्न कसाना?” मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. हे जिन्याकडे बघायला लागले.

निघेपर्यंतचे दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. चकल्या मात्र दोन डब्यांत सारख्या भरल्या, मोजून. मुंबईच्या गाडीत मी त्यांना खिडकी देऊ केली. “तूच बस,” म्हणाल्या, “तुले सवय लागू दे.” हे टोचलं, पण हक्काचं होतं.

जहाज म्हणजे एक उभं गाव होतं. निम्मे लोक आमच्या सुरतेचेच असावेत. लिफ्टमध्ये थेपल्यांचा वास आणि सगळीकडे ‘चालो, चालो’. आम्ही आधी जाऊबाईंच्या खोलीत गेलो. दार लावून दिवा बंद केला तर आपला हातही दिसेना. “टॉकीज शे का काय!” त्या म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण जेठ पलंगावर बसले, मग आडवे झाले. “आवाजच नाही,” ते म्हणाले. पस्तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेला माणूस. रात्रपाळी करून भर दिवसा, उजेडात, पोरांच्या गोंधळात झोपलेला. “इतका अंधार मी कधी पाहिला नाही,” असं म्हणाले आणि आम्ही उभे असतानाच झोपले. जेवायलाही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारावर टकटक झाली. जाऊबाई, हातात स्वतःचा चहाचा कप. “पाहू तरी दे, कसासाठे पैसा दिधात.”

त्या बाल्कनीत गेल्या. कठड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग खुर्चीवर बसल्या. मी दुसऱ्या खुर्चीवर. हे आमच्या मागे थोडा वेळ घुटमळले, तिसरी खुर्ची नाही हे पाहिलं आणि म्हणाले, “मी दादाकडे जातो.” गेले ते जेवायच्या वेळेपर्यंत आलेच नाहीत. नंतर कळलं, दोघं भाऊ त्या अंधाऱ्या खोलीत घोरत होते.

मग तोच रिवाज पडला. भाऊ खाली अंधारात, आम्ही दोघी वर उजेडात. खोली आवरायला येणाऱ्या माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही की कोण कुठे राहतं. त्यानं एकदा अदबीनं विचारलं, तर जाऊबाई म्हणाल्या, “चारी जन दोन्ही खोलीमा.” त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं दोन्हीकडे चार-चार टॉवेल ठेवायला सुरुवात केली.

घरी आम्ही दोघी अशा कधी बसलोच नव्हतो. बसलो तरी हातात काहीतरी असायचं, कोथिंबीर, गहू, नाहीतर त्यांचं साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम. इथे हात रिकामे. पहिल्या दिवशी त्यांना ते जमेना, पदराचं टोकच दुमडत राहिल्या. दुसऱ्या दिवशी चप्पल काढून दोन्ही पाय कठड्याच्या आडव्या दांडीवर ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं, मी काही म्हणते का म्हणून. मीही ठेवले.

लक्षद्वीप जवळ आलं तसं पाणी बदललं. जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं साड्यांवर टिकल्या चिकटवून त्यांच्या डोळ्यांना रंगांची सगळी नावं पाठ होती. बोट करून त्या मला सांगायला लागल्या. “हाऊ फिरोजी. तो त्याना पलीकडे रामा. आनि तो काठना दखा, तो मोरपंखी.” मी चौथीच्या मुलीसारखी बोटामागे बघत होते. मला आतापर्यंत ते सगळं निळं दिसत होतं. संध्याकाळी ह्यांना ओढून आणलं आणि दाखवलं. रंगखात्याचा माणूस कठड्याशी वाकून बघत राहिला. “हा शेड आमच्याकडे कधी बसला नाही,” हे म्हणाले. “दर वेळी धुतल्यावर उतरतो.”

त्याच संध्याकाळी मी जाऊबाईंना म्हटलं, “बाई, मी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“मीबी,” त्या म्हणाल्या. मग पाय दांडीवर नीट ठेवत, “मना आकडा भू कमी व्हता का वं?”

“फारच.”

“मंग सुनबाईनी सांगाले पाहिजे व्हतं,” म्हणून त्या स्वतःशीच हसल्या, आणि तो विषय संपला.

शेवटच्या सकाळी मुंबई दिसायला लागली. आधी धुकट रेघ, मग क्रेन, मग इमारती. खाली मजल्यामजल्यावर चाकांच्या बॅगांचा घरघराट सुरू झाला. हे दारात आले, मागे जेठ, चार दिवसांच्या झोपेनं चेहरा कसा तुकतुकीत.

“चला, चला, लाईन लागली,” हे म्हणाले.

मी उठायला लागले. जाऊबाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. पाय अजून दांडीवरच होते.

“बठ वं,” त्या म्हणाल्या. “पहिले लोकेस्ले उतरू दे.”