बरणीतली आई

आज अलकापुरीतल्या घरी कपाट आवरताना प्रयोगशाळेतून आणलेली जुनी बरणी उघडली आणि मेलेले प्राणी टिकवणाऱ्या फॉर्मालिनचा वास नाकाला झोंबला.

तेव्हा मी इथे बडोद्याच्याच प्रयोगशाळेत नवी होते. ओखा बंदराहून आणलेली ऑक्टोपसची मादी टाकीत अंडी कवटाळून बसली होती. खायला टाकलेल्या खेकड्याला शिवायचीही नाही, नुसती अंड्यांवर पाणी फुंकत राहायची.

माझा डबा घेऊन आलेली आई काचेशी वाकून म्हणाली, "अगं, पोरांसाठी उपाशी राहिलीय ती. राहू दे ना चार दिवस."

"खंगून गेली तर नमुना कसला उरणार, आई?" म्हणत मी त्या मादीला त्याच दुपारी फॉर्मालिनमध्ये घातलं. टाकीत राहिलेल्या अंड्यांवर पाणी फुंकणारं कुणी नव्हतं. आठवडाभरात अंडी सडली.

बरणीत तिचे आठही हात अजून तसेच वळलेले आहेत, मध्ये अंड्यांएवढी जागा सोडून.