महिनाभर आधी

पाळणाघर चालवणाऱ्या मावशींच्या दारामागे एक कागद चिकटवलेला होता : ‘मूल काढायचे असल्यास एक महिना आधी सांगावे.’ अक्षर छोटीच्या आईचं. “मावशी, तुम्ही पडलात भिडस्त, लोक डोक्यावर बसतील,” म्हणत तीन वर्षांपूर्वी तिनेच तो हौसेने लिहून दिला होता.

आज सकाळी तीच दारात उभी होती, एकटी.

“छोटी आजपासून नाही येणार, मावशी. माझ्या ऑफिसातच सोय झालीय. नियमाप्रमाणे महिन्याचे पैसे देते ना मी.”

“पैशांचं कोण बोलतंय? ठरलं कधी हे?”

“झाले दोन महिने. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून जीभच रेटेना.”

दोन महिने! आणि परवाच हिने पुढच्या थंडीचा स्वेटर विणायला मावशींना छोटीचं माप दिलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात, ते हेच.

मावशींना तो कागदावरचा महिना वेगळ्याच कामाला लागे. जाणाऱ्या मुलाला दुपारी थोपटणं त्या रोज थोडं कमी करत. महिनाअखेर ते कुठेही निजायला तयार होई. छोटी मात्र अजून त्यांचं बोट मुठीत धरूनच झोपायची.

“आज दुपारी कुणाचं बोट धरेल गं ती?”

“रडेल दोन दिवस, मग विसरेल.”

“ती विसरेल,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मग त्यांनी तो कागद नखाने खरवडून काढला, आणि आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात नवा लिहून लावला : ‘मूल काढायला येताना मुलाला सोबत आणावे.’